साइक्स : एका आडनावाचा जनुकीय माग

दख्खनच्या माळरानांवर पक्षी बघणाऱ्यांना ‘साइक्सचा चंडोल’ परिचयाचा आहे. ‘साइक्सचा रातवा’ही आहे, आणि त्याचं शास्त्रीय नाव आहे कॅप्रिमल्गस महरत्तेन्सिस. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी विल्यम हेन्री साइक्स माहिती गोळा करत इथे हिंडला आणि १८३२ मध्ये त्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली. हे दोन्ही पक्षी तिथूनच विज्ञानाच्या दप्तरी दाखल झाले. कर्नलसाहेब मूळचे यॉर्कशरचे, आणि तिथे हे आडनाव पैशाला पासरी.

जुन्या इंग्रजीत ‘सीक’ म्हणजे ओहोळ. उत्तर इंग्लंडमध्ये असे ओहोळ पुष्कळदा शेतांच्या हद्दीही ठरवत. ओहोळाकाठी राहणारा तो साइक्स. पण ओहोळ काय, गावोगाव असायचे. म्हणजे हे नाव एकमेकांशी काही संबंध नसलेल्या अनेक घरांना वेगवेगळं चिकटलं असणार, असं जुनी कागदपत्रं चाळणाऱ्यांचं मत होतं.

योगायोग असा, की हे मत तपासायला घेतलं ते ऑक्सफर्डमधल्या ब्रायन साइक्स नावाच्याच जनुकशास्त्रज्ञाने. इंग्लंडमध्ये आडनाव बापाकडून येतं. वाय गुणसूत्रही बापाकडून मुलाकडे, जवळजवळ न बदलता येतं. दोन्ही एकाच वाटेने चालत आली असतील, तर एका मूळपुरुषाच्या वंशजांमध्ये वाय गुणसूत्रावरच्या खुणाही जुळायला हव्यात. त्याने साइक्स आडनावाच्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या ४८ पुरुषांचे नमुने तपासले. जवळपास निम्म्यांत खुणांचा एकच संच निघाला. तुलनेसाठी घेतलेल्या, त्याच भागातल्या इतर पुरुषांत तो एकदाही सापडला नाही. निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाला : आजचे साइक्स बहुधा एकाच पुरुषाचे वंशज.

मग उरलेले निम्मे? दत्तक मुलगा, आईचं आडनाव लावणारा मुलगा, किंवा नवऱ्याऐवजी दुसऱ्याच कुणापासून झालेला मुलगा. प्रत्येक वेळी आडनाव पुढे जातं, गुणसूत्र मात्र दुसरं येतं. असं दर पिढीत सरासरी १.३ टक्के घडलं असावं, असा ब्रायन साइक्सचा अंदाज. ‘बाप भलताच’ निघण्याचे चवीने सांगितले जाणारे आकडे याहून कितीतरी मोठे असतात. हे आडनाव साधारण सातशे वर्षं चालत आलेलं; त्या मानाने हे प्रमाण मला तरी फारच थोडं वाटतं.

‘एकच मूळपुरुष’ हा निष्कर्ष मात्र जपून घ्यावा लागतो. एखाद्याला मुलीच झाल्या, मूलच झालं नाही किंवा मुलगे लहानपणीच गेले, की त्या शाखेतलं आडनाव संपतं. घराणी अशी का बुडतात, हे कोडं इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने १८७३ मध्ये जाहीरपणे मांडलं, आणि हेन्री वॉटसन या गणिती पाद्र्याने ते सोडवायला घेतलं. सगळीच आडनावं अखेर नष्ट होणार, हे वॉटसनचं उत्तर चुकलं. पण त्यांची रीत टिकली आणि पुढे अणुविखंडनाची साखळी नि साथीचा फैलाव समजून घ्यायलाही कामी आली. साइक्सपुरता तिचा अर्थ असा : सुरुवातीला दहा ओहोळांकाठी दहा साइक्स असले, तरी निव्वळ नशिबाने नऊ वंश खुंटून एकच फोफावू शकतो. आजच्या गुणसूत्रांवरून या दोन शक्यता वेगळ्या काढणं अवघड.

लेस्टर विद्यापीठातल्या टुरी किंग आणि मार्क जॉब्लिंग यांनी २००९ मध्ये ४० आडनावांची अशीच तपासणी प्रसिद्ध केली. ॲटनबरोसारख्या विरळ आडनावात बहुतेक पुरुष एकाच वंशाचे निघाले. स्मिथ म्हणजे लोहार, आणि लोहार तर गावोगाव. त्यामुळे दोन स्मिथांमधलं साम्य रस्त्यातल्या कुठल्याही दोन इंग्रजांइतकंच. गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या डीएनएवरून संशयिताच्या आडनावाचा अंदाज बांधता येईल, ही कल्पना याच गटाने आधी, २००६ मध्ये मांडली होती. ती चालेल ती विरळ आडनावांपुरती. गुन्हेगार स्मिथ असेल, तर वाय गुणसूत्रावरून पोलिसांना त्याचं आडनाव काही कळायचं नाही.