लोव्ह-डी

लोव्ह-डी हे ॲस्परजिलस टेरियस या मातीत वाढणाऱ्या बुरशीतील विकर, म्हणजेच एंझाइम. रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या सिम्व्हास्टॅटिन या औषधाच्या निर्मितीत ते वापरले जाते.

यकृतात कोलेस्टेरॉल तयार होताना एचएमजी-कोए रिडक्टेज या विकराची गरज लागते. स्टॅटिन गटातील औषधे नेमके तेच अडवतात. पहिले स्टॅटिन जपानच्या अकिरा एंडो यांना १९७०च्या दशकात पेनिसिलियम सिट्रिनम या बुरशीत सापडले. ॲस्परजिलस टेरियसपासून मिळालेल्या लोव्हास्टॅटिनला अमेरिकेत १९८७ साली मान्यता मिळाली.

बुरशीच्या पेशीत लोव्हास्टॅटिनची शेवटची पायरी लोव्ह-डीकडे असते. लोव्ह-एफ नावाचे मोठे विकर पाच कार्बनांची छोटी साखळी तयार करून धरून ठेवते. लोव्ह-डी ती उचलून मोनॅकोलिन-जे या रेणूला जोडते. सिम्व्हास्टॅटिनमध्ये याच साखळीवर एक मिथिल गट (एक कार्बन आणि तीन हायड्रोजन) जास्त असतो, फरक तेवढाच. पण तो एक गट बसवण्यासाठी रसायनशास्त्रज्ञांना बरीच यातायात करावी लागे: लोव्हास्टॅटिनची साखळी तोडायची, नको तिथे अभिक्रिया होऊ नये म्हणून रेणूतील इतर हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) झाकायचे, नवी साखळी जोडायची आणि मग ती झाकणे काढायची. प्रत्येक टप्प्यावर द्रावके लागत आणि माल वाया जाई.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतील यी टँग यांच्या गटाने दाखवले, की लोव्ह-एफ नसतानाही लोव्ह-डी थायोएस्टर या गंधकयुक्त प्रकारच्या एका साध्या, छोट्या रेणूकडून जास्तीच्या मिथिल गटासह साखळी घेते आणि मोनॅकोलिन-जेवर योग्य जागीच बसवते. झाकाझाकीची गरजच उरली नाही. मात्र वेग फार कमी होता. कोडेक्सिस कंपनीने विकरात बदल घडवायचे, त्यांतून सरस निवडायचे आणि त्यांत पुन्हा बदल करायचे, अशा नऊ फेऱ्या केल्या. शेवटच्या रूपात २९ ॲमिनो आम्ले बदललेली होती आणि कार्यक्षमता सुमारे हजारपट वाढली होती.

या संशोधनातील सर्वांत विलक्षण भाग पुढचा आहे. बदललेल्या जागांपैकी बहुतेक जागा अभिक्रिया घडते तिथून दूर आहेत. मूळ लोव्ह-डी लोव्ह-एफ या जोडीदाराविना एकटे असले की त्याचा आकार डळमळतो आणि अभिक्रियेत भाग घेणारी ॲमिनो आम्ले जागेवरून सरकतात. दूरच्या बदलांनी विकराची ठेवण अशी घट्ट झाली, की विकर एकटे असतानाही ती ॲमिनो आम्ले जागेवर राहतात. या पद्धतीसाठी टँग आणि कोडेक्सिस यांना २०१२ साली अमेरिकेचा हरित रसायनशास्त्रासाठीचा राष्ट्राध्यक्षीय पुरस्कार मिळाला.