स्क्रोल सॉ : पात्याचा क्लॅम्प आणि ताण

स्क्रोल सॉ म्हणजे अरुंद पाते वर-खाली हलवून लाकूड, प्लायवूड, एमडीएफ, ॲक्रिलिक किंवा पातळ पितळी पत्रा नागमोडी रेषेत कापणारे टेबलावरचे यंत्र. पाते वरच्या आणि खालच्या भुजेच्या टोकांना पकडलेले असते. या पकडीला क्लॅम्प म्हणतात आणि दोन क्लॅम्पमध्ये पाते ज्या बलाने ओढून धरलेले असते तो त्याचा ताण. हातात धरून चालवायच्या जिगसॉत पाते एकाच टोकाला पकडलेले असल्यामुळे तिथे ताणाचा प्रश्न येत नाही. यंत्र घेताना चौकशी होते ती मोटरची आणि वेगाची. कापाची सफाई ठरते ती ताणावर, आणि ताण टिकतो तो क्लॅम्पच्या जोरावर.

पुण्यात हे यंत्र व्यावसायिक सुतारापेक्षा हौशी कारागिराच्या हाती शोभते. लाकूड भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून, स्क्रू-कानशी रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून आणि काम गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये, अशी त्याची सोय लागते. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आल्यानंतर गणपतीच्या मखरांत प्लायवूड आणि एमडीएफचा वापर वाढला. त्यातले घाऊक काम लेझर यंत्रे करतात, हे खरे. पण लेझरची कड जळून काळी पडते आणि जाड सागवानापुढे लहान लेझर हात टेकते. एकाच नगाची जाळी, देव्हाऱ्याची महिरप किंवा दारावरची पाटी (पुण्यात हा विषय गंभीर आहे) यांसाठी स्क्रोल सॉ अजून उपयोगी आहे.

पाटीच्या कामात क्लॅम्पची परीक्षा होते. देवनागरीत शिरोरेघेमुळे बहुतेक अक्षरांच्या पोटात बंद जागा तयार होतात. प, म, व यांत एकेक, ब मध्ये दोन. अशी प्रत्येक जागा कापण्यासाठी आत भोक पाडायचे, पाते वरच्या क्लॅम्पमधून सोडवायचे, भोकातून ओवायचे, पुन्हा आवळायचे आणि पुन्हा ताणायचे. आठ-दहा अक्षरांच्या नावाला हे तितक्याच वेळा करावे लागते. रोमन लिपीला डोळ्यांसमोर ठेवून केलेला ‘क्लॅम्प कसाही असला तरी चालतो’ हा सल्ला मराठी पाटी करणाऱ्याच्या कामाचा नाही.

पिनचे आणि बिनपिनचे पाते

स्वस्त यंत्रांत बहुधा पिनचे पाते येते. त्याच्या दोन्ही टोकांना आडवी पिन असते आणि ती भुजेवरच्या खाचेत अडकते. बदलायला सोपे, निसटण्याची भीती नाही. अडचण भोकाची. पिन आत जाण्यासाठी पाच-सहा मिलिमीटरचे भोक लागते आणि नाजूक जाळीत तेवढी जागाच नसते. शिवाय बारीक पात्यांना पिन बसवता येत नाही, त्यामुळे निवड जाड पात्यांपुरती उरते. बिनपिनचे, साध्या टोकांचे पाते दीड मिलिमीटरच्या भोकातूनही जाते. त्याची लांबी साधारण १३० मिलिमीटर असते आणि २/० पासून १२ पर्यंतच्या नंबरांत ते मिळते. नंबर वाढला की रुंदी-जाडी वाढते. ५ नंबरचे पाते सुमारे १ मिलिमीटर रुंद आणि ०.४ मिलिमीटर जाड असते.

क्लॅम्प सुधारणे म्हणजे बहुतेकदा पिनच्या यंत्राला बिनपिनचे पाते धरायला लावणे. त्यासाठी मिळणारा ॲडॉप्टर म्हणजे खाच पाडलेला धातूचा लहान ठोकळा. यंत्रावर पिन जिथे अडकते तिथे तो अडकतो आणि पाते खाचेत घालून ग्रब स्क्रूने (बिनडोक्याच्या, ॲलन कीने म्हणजे षटकोनी चावीने फिरवायच्या स्क्रूने) आवळले जाते. तो बसवला की दोन क्लॅम्पमधले अंतर बदलते आणि मागच्या ताणाच्या नॉबचे फिरणे कमी पडू शकते. विकत घेण्याआधी हे मोजून पाहावे. वजनही पाहावे. मिनिटाला ४०० ते १,६०० वेळा वर-खाली होणाऱ्या टोकावर वजन वाढले की थरथर वाढते.

ज्यांच्या यंत्राला मुळातच बिनपिनचा क्लॅम्प आहे त्यांची तक्रार वेगळी असते : पाते निसटते. कारण बहुधा ग्रब स्क्रूचे टोक. बाजारातल्या साध्या ग्रब स्क्रूचे टोक वाटीसारखे खोलगट असते. ते पात्याला कडेकडेने चावते आणि आवळताना फिरून पाते तिरके करते. त्याऐवजी सपाट टोकाचा स्क्रू घालावा. तो न मिळाल्यास आहे त्याचेच टोक कानशीने काटकोनात सपाट करून एमरी पेपरवर घासावे. समोरची स्थिर बाजूही तशीच सपाट करावी. गुळगुळीत चकचकीत पृष्ठभाग इथे नको, बारीक खरखरीत हवा. ॲलन कीऐवजी हाताने फिरवायचा मोठ्या नॉबचा स्क्रू बसवला की अक्षरागणिक होणारी खटपट निम्म्यावर येते. पक्कडीने आवळण्याचा मोह मात्र टाळावा. ॲल्युमिनियमच्या क्लॅम्पमधले आटे एकदा गेले की जास्त मापाचा टॅप (आटे पाडायचे हत्यार) मारून नवा स्क्रू बसवण्यावाचून गत्यंतर नाही. भोसरी-चिंचवडच्या पट्ट्यात लहान लेथवाल्या कारखान्यांची कमतरता नसल्यामुळे पुणेकराला पोलादी क्लॅम्प नमुना दाखवून करून घेणेही शक्य असते. एका नगाचे काम घ्यायला कारागीर राजी करणे हा त्यातला अवघड भाग.

नव्या पात्यावर गंज लागू नये म्हणून तेलाचा हात असतो. पुण्याच्या पावसाळ्यात ते पुसून टाकणे म्हणजे आठवड्यात तांबेरा ओढवून घेणे. म्हणून पूर्ण पाते कोरडे न करता फक्त दोन्ही टोकांचा सेंटिमीटरभर भाग वापरताना थिनरने पुसावा आणि २२० नंबरच्या पेपरवरून एकदा ओढावा. निसटण्याच्या बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात, आणि नव्या क्लॅम्पचा खर्चही वाचतो.

ताण

समांतर भुजांच्या यंत्रात दोन्ही भुजा मधोमध टेकलेल्या असतात आणि मागची टोके एका स्क्रूच्या दांड्याने जोडलेली असतात. दांडा आवळला की मागची टोके जवळ येतात, पुढची फाकतात आणि पाते ताणले जाते. काही यंत्रांत हाच ताण पुढच्या बाजूला खटका दाबून देता किंवा सोडता येतो. बंद जागा वारंवार कापणाऱ्याने तसेच यंत्र शोधावे.

ताण किती हवा, याची रूढ चाचणी कानाची आहे. यंत्र बंद ठेवून पाते तारेसारखे छेडायचे. बद्द आवाज आला तर पाते ढिले, स्वच्छ टणत्कार आला तर ठीक. हौशी कारागिरांत रूढ असलेला स्वर म्हणजे पेटीच्या मधल्या पांढरी एकपासून दोन सप्तके वरची पांढरी एक, म्हणजे १,०४६ हर्ट्झ. स्वराच्या या चाचणीला भक्कम आधार आहे. ताणलेल्या पात्याचा स्वर मोकळी लांबी आणि पोलादातला प्रतिबल (पात्याच्या छेदाच्या दर चौरस मिलिमीटरवर येणारे बल) यांवर ठरतो, रुंदीवर नाही. मोकळी लांबी १०५ मिलिमीटर धरली तर या स्वराला सुमारे ३८० मेगापास्कल प्रतिबल येतो, पाते २ नंबरचे असो वा ७. मात्र तो आणायला लागणारे बल वेगळे असते : ५ नंबरला सुमारे १५ किलो वजन टांगावे इतके, २ नंबरला त्याच्या जवळपास निम्मे. नॉबवर खूण करून प्रत्येक पाते तिथपर्यंत आवळण्याची पद्धत म्हणूनच बारीक पात्यांचा बळी घेते.

याच हिशेबातून क्लॅम्पचे महत्त्व कळते. इतक्या ताणाला पाते लांबते ते जेमतेम ०.२ मिलिमीटर, पोस्टकार्डाच्या जाडीइतके. भुजा पूर्ण ताठ आहेत असे धरले तर क्लॅम्पमध्ये पाते तेवढे सरकताच सगळा ताण जातो. प्रत्यक्षात भुजा थोड्या वाकतात आणि स्प्रिंगसारख्या काही ताण राखतात, तरी स्वर उतरल्याचे कानाला कळतेच. सतत कापताना पाते ५० अंशांनी तापले तर प्रसरणानेही याच हिशेबात तीस टक्क्यांच्या आसपास ताण कमी होऊ शकतो. म्हणून पहिला मिनिटभर काप झाला की यंत्र थांबवावे, प्लग काढावा आणि पाते पुन्हा छेडून पाहावे. स्वर हळूहळू उतरत असेल तर नॉब आवळत बसू नये, क्लॅम्प तपासावा. कान साथ देत नसेल त्याने बोटाने पाते बाजूला दाबून पाहावे. ते तीन मिलिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये.

ढिल्या पात्याचा काप जाड लाकडात पोटाशी फुगतो : वरची आणि खालची कड बरोबर, मधला भाग बाहेर. पाते टेबलाशी काटकोनात आहे का, हे पाहण्यासाठी लहान गुण्या पुरतो. अधिक चोख उपाय म्हणजे जाड तुकड्याच्या कडेला लहानशी चीर पाडायची आणि तुकडा फिरवून तीच चीर पात्याच्या मागच्या बाजूला आणायची. पाते चिरेत अडखळल्याशिवाय बसले की टेबल सरळ.

एका दोषाचे खापर मात्र ताणावर उगाच फुटते. बऱ्याच पात्यांना बनवताना एका कडेला बारीक बूर (धातूची उठलेली खरखरीत कड) राहते आणि त्यामुळे काप त्या बाजूला ओढला जातो. ताण कितीही वाढवला तरी हे थांबत नाही. लाकूड किंचित तिरके धरून पुढे सरकवणे हाच त्यावरचा उपाय आहे आणि तो दोन-चार तुकड्यांत हाताला जमतो.

तुटलेल्या पात्याकडे पाहूनही बरेच कळते. मधोमध तुटले तर ताण जास्त होता, लाकूड जोराने ढकलले गेले किंवा पात्याची धार संपली होती. क्लॅम्पच्या अगदी तोंडाशी तुटले तर क्लॅम्पची कड धारदार आहे, स्क्रूने पाते वाकवले आहे किंवा वरचा आणि खालचा क्लॅम्प एका रेषेत नाहीत. दिवसाचे काम संपल्यावर ताण सोडून ठेवतात, तो पात्यापेक्षा भुजांच्या सांध्यांतले बुश आणि बेअरिंग यांच्यासाठी.