पोलिसांनी मागितलं, तर ॲपवाल्यांकडे द्यायला असतं काय?

२०१६ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून, ग्रँड ज्युरीच्या (खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाच्या) नावाने, 'सिग्नल' हे मेसेजिंग ॲप बनवणाऱ्या संस्थेला समन्स आलं. दोन फोन नंबर दिलेले होते आणि त्यांच्याबद्दल जवळजवळ सगळंच हवं होतं: नाव, पत्ता, ईमेल, पैसे कसे भरले, कोणकोणत्या आयपी पत्त्यांवरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकांवरून, ॲप वापरलं. एका नंबरचं सिग्नलवर खातंच नव्हतं. दुसऱ्याबद्दल संस्थेने दोन नोंदी दिल्या. खातं कधी उघडलं आणि शेवटचं सर्व्हरला कधी जोडलं गेलं, एवढंच.

त्यातली शेवटच्या जोडणीची नोंद अशी होती: १४५४१९८४०००००. संगणक १ जानेवारी १९७०च्या मध्यरात्रीपासून वेळ मोजतात, इथे ती मिलिसेकंदांत मोजली आहे. हिशेब केला की तारीख निघते ३१ जानेवारी २०१६, आणि ग्रिनिच वेळेप्रमाणे बरोबर रात्रीचे बारा. तो माणूस नेमका बाराच्या ठोक्याला ऑनलाइन आला असेल असं नाही. सर्व्हर फक्त दिवस लिहून ठेवतो, तास-मिनिटं लिहीतच नाही. म्हणजे समन्सला काय उत्तर जाणार हे समन्स निघण्याच्या कितीतरी आधी, ॲपचा प्रोग्राम लिहितानाच ठरून गेलं होतं. पोलिसांच्या हाती काय लागेल हे कायद्याच्या कलमांपेक्षा ॲपच्या रचनेवर जास्त अवलंबून असतं, ही गोष्ट आपल्याकडच्या चर्चेत फार क्वचित येते.

ही रचना थोडक्यात अशी. प्रत्येक फोन स्वतःसाठी दोन किल्ल्या तयार करतो. एक जाहीर, दुसरी गुप्त, जी फोनबाहेर कधीच जात नाही. माझी गुप्त किल्ली आणि तुमची जाहीर किल्ली मिळून जी संख्या तयार होते, तीच तुमची गुप्त आणि माझी जाहीर यांतूनही तयार होते. मधला सर्व्हर फक्त जाहीर किल्ल्या पाहतो आणि त्यांवरून ती संख्या त्याला काढता येत नाही, म्हणून त्या संख्येने कुलूपबंद केलेला मेसेजही त्याला उघडता येत नाही. हे गणित डिफी आणि हेलमन या संशोधकांनी १९७६ साली मांडलं. त्यावर ट्रेव्हर पेरिन आणि सिग्नलचे संस्थापक मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी अशी पद्धत उभी केली की प्रत्येक मेसेजला नवी किल्ली लागते आणि जुनी लगेच नष्ट होते. व्हॉट्सॲपने हीच पद्धत एप्रिल २०१६पर्यंत सगळ्यांना लागू केली. मेसेज पोहोचला की सर्व्हरवरून पुसला जातो. पोहोचला नाही तर जास्तीत जास्त ३० दिवस कुलूपबंद अवस्थेत पडून राहतो.

मजकूर असा सुरक्षित असला, तरी मजकुराभोवतीची माहिती तशी नसते. 'एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड' (मजकूर फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्याला वाचता येतो) असं वाचून आपलं काहीच कोणाला दिसत नाही असं समजणारे खूप जण भेटतात. तो समज साफ चुकीचा आहे. तुमचा नंबर, प्रोफाइल फोटो, तुम्ही कोणकोणत्या ग्रुपमध्ये आहात, शेवटचा आयपी पत्ता हे सगळं व्हॉट्सॲपकडे असतं. एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेचा जानेवारी २०२१चा एक अंतर्गत कागद त्याच वर्षी उघड झाला. रीतसर आदेश असेल तर व्हॉट्सॲप दर १५ मिनिटांनी कळवतं की या खात्यावरून कोणाला मेसेज गेले आणि कोणाकडून आले, असं त्यात लिहिलेलं आहे. मजकूर नाही, पण कोण कोणाशी किती वाजता बोलतं एवढ्यावरूनही माणसाचं आयुष्य बरंचसं वाचता येतं. शिवाय कोणी एखाद्या खात्याची तक्रार, म्हणजे 'रिपोर्ट' केली, तर त्या चॅटमधले शेवटचे पाच मेसेज तक्रार करणाऱ्याच्या फोनवरून कंपनीकडे जातात.

आपल्याकडे पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४खाली नोटीस काढतो (आधी हेच सीआरपीसीचं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं, कलम ९१ होतं) आणि ती कंपनीच्या पोर्टलवर जाते. २०२१च्या आयटी नियमांप्रमाणे ७२ तासांत माहिती द्यावी लागते. उत्तरात आलेला आयपी पत्ता घेऊन पोलीस मोबाइल कंपनीकडे जातात. कारण ॲपला आयपी ठाऊक असतो, तो वापरणारा ग्राहक ठाऊक असतो मोबाइल कंपनीला.

खरा धोका इथेच आहे. मोबाइल इंटरनेटवर एकच आयपी पत्ता एकाच वेळी अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. त्यातला नेमका कोण हे ठरवायला पोर्ट नंबर (त्या आयपीवरच्या प्रत्येक जोडणीचा वेगळा क्रमांक) आणि सेकंदापर्यंत अचूक वेळ लागते. ॲप कंपन्यांच्या नोंदी बहुतेकदा यूटीसीमध्ये, म्हणजे ग्रिनिच वेळेत, असतात. नोंदीत १४ तारखेचे २०:४० असतील, तर आपल्या घड्याळात ते १५ तारखेच्या पहाटेचे २ वाजून १० मिनिटं असतात. साडेपाच तास मिळवायचे राहिले, तर भलत्याच माणसाचं नाव हाती येतं.

आयपीच्या चुकीची किंमत आपण पुण्यात पाहिली आहे. २००७ साली ऑर्कुट या तेव्हाच्या सोशल साइटवर छत्रपती शिवाजी महाराजांबद्दल आक्षेपार्ह चित्र टाकल्याच्या प्रकरणात पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका तरुण इंजिनिअरला अटक केली. इंटरनेट कंपनीने त्या आयपी पत्त्यासाठी दिलेलं नाव चुकीचं होतं. चूक उलगडेपर्यंत ५० दिवस तो निरपराध तुरुंगात होता. म्हणून कंपनीकडून आलेल्या माहितीला तपासाची सुरुवात म्हणावं, निकाल म्हणू नये.

टेलिग्रामची गोष्ट वेगळी आहे. तिथले नेहमीचे चॅट एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतात, ते कंपनीच्या क्लाउडमध्ये, म्हणजे तिच्या सर्व्हरवर, असतात. 'सीक्रेट चॅट' मुद्दाम सुरू करावा लागतो. ऑगस्ट २०२४मध्ये संस्थापक पावेल दुरोव्ह यांना पॅरिसजवळच्या विमानतळावर अटक झाली आणि पुढच्याच महिन्यात कंपनीने धोरण बदललं: वैध आदेश आला तर नियम मोडणाऱ्यांचे आयपी पत्ते आणि फोन नंबर देऊ.

मग खटल्यांमध्ये चॅट येतात कुठून? बहुतेक वेळा जप्त केलेल्या फोनमधून, किंवा समोरच्याच्या फोनमधून. फोनवर मेसेज उघडलेलेच असतात, नाहीतर आपल्यालाही वाचता आले नसते. बॅकअप ही दुसरी वाट. क्लाउडमधला बॅकअप एंड-टू-एंड एन्क्रिप्ट करायची सोय व्हॉट्सॲपने ऑक्टोबर २०२१पासून दिली, पण ती आपण स्वतः चालू करावी लागते. तपासात फोनमधल्या डेटाची प्रत काढतात आणि तिची 'हॅश व्हॅल्यू' नोंदवतात. हॅश म्हणजे त्या डेटाच्या बोटांचा ठसा: एक बिट, म्हणजे डेटाचा सर्वात लहान कण, जरी बदलला तरी सगळा आकडा बदलतो, त्यामुळे प्रतीत नंतर कोणी ढवळाढवळ केली नाही हे कोर्टाला पडताळता येतं.

हीच हॅश आपल्याकडच्या सर्वात मोठ्या वादात पुन्हा येते. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होती. अशा हत्या देशभर झाल्या. व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. सरकारला त्यापुढे जाऊन मूळ मेसेज कोणी पाठवला ते हवं होतं. पाच घरं उद्ध्वस्त झाल्यावर असं वाटणं अगदी रास्त आहे, यात मला शंका नाही. २०२१च्या नियम ४(२)ने ५० लाखांवर वापरकर्ते असलेल्या मेसेजिंग सेवांवर ती जबाबदारी टाकली.

पण हे करायचं कसं? आयआयटी मद्रासचे प्रा. कामकोटी यांनी २०१९मध्ये मद्रास उच्च न्यायालयापुढे सुचवलं की मूळ पाठवणाऱ्याची ओळख प्रत्येक मेसेजसोबत जाऊ द्यावी, हवं तर कुलूपबंद करून. आयआयटी मुंबईचे प्रा. मनोज प्रभाकरन यांनी आक्षेप घेतला की अशी ओळख खोटी घालता येते, म्हणजे खरा गुन्हेगार निसटेल आणि भलताच अडकेल. सरकारचा दुसरा पर्याय प्रत्येक मेसेजच्या हॅशचा होता: ती जपून ठेवायची आणि पहिल्यांदा कोणाकडून आली ते पाहायचं. इथे हॅशचा तोच गुण अवगुण ठरतो. 'मुलं सांभाळा' या मजकुरापुढे कोणी नुसतं एक टिंब दिलं, तरी नवी हॅश आणि नवा 'मूळ पाठवणारा' तयार. आणि कोणत्या मेसेजचा माग उद्या काढावा लागेल हे आज माहीत नसल्याने, ठसा ठेवायचा तर सगळ्यांच्या सगळ्या मेसेजचा ठेवावा लागतो.

त्या काळात देशभर फिरलेली मूल पळवण्याची एक क्लिप मुळात कराचीतल्या एका संस्थेची बालसुरक्षेची जाहिरात होती. शेवटचा, मूल परत आणून देण्याचा भाग कोणीतरी कापला होता. नियम म्हणतो, मूळ पाठवणारा देशाबाहेर असेल, तर भारतात ज्याने पहिल्यांदा तो मेसेज पाठवला त्यालाच मूळ मानावं. ती कदाचित आपल्या पोराच्या काळजीने फॉरवर्ड करणारी आई निघेल. कापाकापी करणारा मात्र मोकळाच राहील. मला हा नियम मान्य होत नाही तो एवढ्यासाठी.

व्हॉट्सॲपने मे २०२१मध्ये या नियमाला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं. एन्क्रिप्शन तोडायला लावलं तर व्हॉट्सॲप इथून जाईल, असं कंपनीच्या वकिलांनी एप्रिल २०२४च्या सुनावणीत सांगितलं. खंडपीठाने विचारलं, असा नियम जगात आणखी कुठे आहे का? उत्तर मिळालं: कुठेच नाही, अगदी ब्राझीलमध्येसुद्धा नाही.