अर्थसंकल्प, महानगरपालिकेचा (मुंबई)

अर्थसंकल्प, महानगरपालिकेचा (मुंबई) : येत्या आर्थिक वर्षात (१ एप्रिल ते ३१ मार्च) पालिकेच्या तिजोरीत किती पैसा येईल आणि तो कोणत्या खात्यामार्फत कोणत्या कामावर खर्च होईल, याचा पालिका सभागृहाने मंजूर केलेला आराखडा. त्याच्या दोन बाजू असतात. पगार, निवृत्तिवेतन, कचरा उचलणे, दवाखान्यातील औषधे, रस्त्यांवरचे दिवे, नालेसफाई असा वर्षागणिक होणारा खर्च महसुली बाजूला जातो. पूल, बोगदे, जलवाहिन्या, नवी रुग्णालये हा खर्च भांडवली बाजूला. वर्तमानपत्रांचे मथळे दुसऱ्या बाजूवर होतात. नागरिकाचा रोजचा संबंध मात्र पहिलीशी असल्याने प्रस्तुत नोंदीत भर तिच्यावरच आहे.

संज्ञा : पालिकेच्या कामकाजात ‘अंदाजपत्रक’ आणि ‘अर्थसंकल्प’ हे दोन्ही शब्द चालतात. पहिला जुना व कचेरीतला, दुसरा राज्यघटनेनंतरच्या परिभाषानिर्मितीत रुळलेला. मराठेशाहीच्या दप्तरांत महालाच्या (महसुली विभागाच्या) अपेक्षित जमाखर्चाच्या कागदास ‘बेहडा’ आणि वर्षअखेरच्या मेळ घातलेल्या हिशेबास ‘ताळेबंद’ म्हणत. यांपैकी ताळेबंद हा शब्द आजही जिवंत आहे, बेहडा मागे पडला. यावरून काही अभ्यासक पालिकेच्या अंदाजपत्रकाचे मूळ पेशवाई जमाखर्चात शोधतात. दोन्ही कागदांत साम्य आहे हे खरे. परंतु बेहडा हा वरून खाली आलेला हुकूम होता. कर देणाऱ्यांच्या प्रतिनिधींनी तो मंजूर करावा ही अट त्यात नव्हती, आणि पालिकेच्या अर्थसंकल्पाचा प्राण त्या अटीतच आहे. त्यामुळे शब्दांचा वारसा मान्य करून संस्थेचा वारसा वेगळा मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

उगमाचा प्रश्न : मुंबईत या पद्धतीचा आरंभ कोणत्या साली धरावा, याविषयी एकमत नाही. १७९३ च्या सनदी कायद्याने जस्टिस ऑफ द पीस (सरकारने नेमलेले मानद दंडाधिकारी) यांना रस्तेदुरुस्ती, झाडलोट व पहारा यांसाठी घरांवर कर बसवण्याचा अधिकार मिळाला. तेथे कर आहे, खर्चही आहे, पण वर्षाचा आगाऊ आराखडा हे बंधन नाही. १८४५ चे कॉन्झर्व्हन्सी बोर्ड (शहर स्वच्छतेचे मंडळ) आणि १८५८ चे त्रिसदस्य आयुक्तमंडळ यांनाही तेच लागू पडते. १८६५ च्या कायद्याने जस्टिसांच्या मंडळाला निगम म्हणून कायदेशीर अस्तित्व मिळाले आणि सर्व कार्यकारी सत्ता एका आयुक्ताच्या हाती आली. पहिले आयुक्त आर्थर क्रॉफर्ड. शहर स्वच्छ करण्याचा त्यांचा झपाटा मोठा होता, त्यांच्या नावाच्या मंडईची (क्रॉफर्ड मार्केट) इमारत आजही उभी आहे. पण खर्च उत्पन्नाला मागे टाकून गेला. पैशावरचे नियंत्रण कागदावर जस्टिसांकडे आणि व्यवहारात आयुक्ताकडे, अशी ती स्थिती होती. १८७१ मध्ये करदात्यांचा असंतोष उघड झाला आणि क्रॉफर्ड यांना जावे लागले.

त्या वादात फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये तरुण फिरोजशहा मेहता यांनी घेतलेली भूमिका आजही महत्त्वाची वाटते. कार्यकारी सत्ता समितीकडे दिल्याने दोष जाणार नाही. आयुक्त एकच असावा, मात्र त्याच्यावर निवडून आलेल्या सभेची नजर असावी, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. १८७२ च्या कायद्याने ६४ सदस्यांची पालिका स्थापन झाली. त्यांपैकी ३२ करदात्यांनी निवडून द्यायचे, १६ जस्टिसांनी, १६ सरकारने नेमायचे. जमाखर्चावर लक्ष ठेवण्यासाठी १२ जणांची नगर समिती (टाउन कौन्सिल) आली. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमात तिचीच जागा स्थायी समितीने घेतली.

बहुतेक संदर्भग्रंथ १८८८ हेच आरंभवर्ष मानतात, कारण आजचा कायदा तोच आहे. परंतु आयुक्ताने मांडायचे, समितीने तपासायचे आणि सभागृहाने मंजूर करायचे, या विभागणीचा पाया १८७२ मध्येच घातला गेला, असे दिसते. १८८८ ने तिला मुदती व कलमांची शिस्त दिली.

वेळापत्रक : अधिनियमाच्या १२५ व्या कलमानुसार आयुक्ताने ५ फेब्रुवारीपर्यंत अंदाज स्थायी समितीपुढे ठेवावयाचे असतात. शिक्षणाचा अर्थसंकल्प (‘ई’) शिक्षण समितीमार्फत वेगळा येतो. सर्वसाधारण ‘अ’, तर पाणीपुरवठा व मलनिःसारणाचा ‘ग’. समितीतील चर्चा, फेरबदल व सभागृहाची मंजुरी हे सारे ३१ मार्चपूर्वी आटोपायचे. वर्षअखेरीस किमान १ लाख रुपये शिल्लक राहतील असा मेळ घालण्याचेही बंधन आहे. आजच्या आकड्यांपुढे ही रक्कम नगण्य वाटते. पण पालिकेने तुटीचा अर्थसंकल्प मांडू नये, हे तत्त्व त्या एका लाखात सामावले आहे. चालू अर्थसंकल्पात तरतूद नसलेल्या कामावर खर्च करता येत नाही. एका शीर्षातून (खर्चाच्या ठरलेल्या सदरातून) दुसऱ्या शीर्षात पैसा वळवायचा (पुनर्विनियोजन) तरी मंजुरी लागते.

प्रत्यक्ष काम त्याआधी काही महिने खात्यांत आणि विभाग कार्यालयांत सुरू झालेले असते. मुख्य लेखापाल (वित्त) यांचे परिपत्रक येते, आणि परिरक्षण (देखभाल-दुरुस्ती) विभागाचा दुय्यम अभियंता लेखाशीर्षांचा तक्ता उघडून बसतो. स्तंभ ठरलेले : गतवर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, पुढील वर्षाची मागणी. समजा, पदपथदुरुस्तीच्या शीर्षावर निम्मीच रक्कम खर्ची पडली आहे. काम झालेले असते, ठेकेदाराचे देयक मात्र लेखा विभागात अडकलेले. वरचा अधिकारी पाहतो तो खर्चाचा स्तंभ; तो रिकामा दिसला की पुढील वर्षाची तरतूद कापली जाते. म्हणून मार्चअखेर देयके निकाली काढण्याची धावपळ होते, आणि कापाकापी होणार हे धरून मागणी थोडी चढीच लिहिली जाते. अर्थसंकल्प समजून घ्यायचा तर मूळ अंदाजाशेजारी ‘सुधारित’ आणि ‘प्रत्यक्ष’ हे दोन स्तंभ वाचलेच पाहिजेत, असे प्रस्तुत नोंदकर्त्याचे आग्रहाचे मत आहे. २०२४-२५ चा मूळ अंदाज ५९,९५४.७५ कोटी रुपयांचा होता, सुधारित ६५,१८०.७९ कोटींवर गेला. एकाच वर्षाची ही दोन चित्रे आहेत.

मुंबईत आर्थिक वर्ष आणि पाऊस यांचाही मेळ बसत नाही. वर्ष १ एप्रिलला उघडते आणि पाऊस साधारण ११ जूनच्या सुमारास येतो. नव्या तरतुदीची वाट पाहून निविदा काढल्या, तर नाल्यातला गाळ पावसापूर्वी निघणे अशक्य. त्यामुळे नालेसफाईच्या निविदा आधीच्या वर्षात मार्गी लावाव्या लागतात, आणि एकाच कामाचा खर्च दोन अर्थसंकल्पांत विभागला जातो.

उत्पन्न : दीर्घकाळ मुख्य आधार जकातीचा, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरील कराचा, होता. दहिसर, मुलुंड, ऐरोली, मानखुर्द येथील नाक्यांवर रोज रोख पैसा जमा होई. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि नाके बंद झाले. त्या बदल्यात राज्य शासन दरमहा नुकसानभरपाई देते. राज्याच्या २०१७ च्या कायद्यानुसार ती दर वर्षी ८ टक्क्यांनी चक्रवाढ वाढते. या दराने रक्कम साधारण नऊ वर्षांत दुप्पट होते. २०२५-२६ मध्ये ती सुमारे १४,४०० कोटी रुपये धरली होती. पैसा नियमित येतो, पण तो पालिकेने स्वतः गोळा केलेला नाही. स्वायत्ततेच्या दृष्टीने हा बदल लहान नव्हे.

मालमत्ता कर १ एप्रिल २०१० पासून भांडवली मूल्यावर (मालमत्तेच्या किमतीवर) आकारला जातो. पूर्वीची भाड्यावर आधारित पद्धत भाडेनियंत्रणामुळे गोठली होती. दक्षिण मुंबईतील जुन्या चाळीचा कर उपनगरातील नव्या घराच्या मानाने फारच कमी पडे. नव्या पद्धतीतील काही नियम न्यायालयात टिकले नाहीत; सर्वोच्च न्यायालयाचा त्याबाबतचा निर्णय नोव्हेंबर २०२२ चा आहे. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना १ जानेवारी २०२२ पासून हा कर पूर्ण माफ आहे. लहान घरांना दिलासा मिळाला हे योग्यच. पण महसुली पाया तेवढा अरुंद झाला, हेही नोंदवले पाहिजे. पाणीपट्टीत दर वर्षी ८ टक्क्यांपर्यंत वाढ करण्याचे धोरण २०१२ चे आहे. २०२२ मध्ये वाढ ७.१२ टक्के झाली, २०२३ मधील वाढ स्थगित राहिली. याखेरीज विकास नियोजन खात्याकडील, बांधकाम परवानग्यांपोटी मिळणारे अधिमूल्य (प्रीमियम) व शुल्क ही मोठी बाब आहे. ती बांधकाम व्यवसायाच्या तेजीमंदीवर हलते, म्हणून पगारासारख्या कायम खर्चाला तिचा आधार घेणे जोखमीचे.

खर्च : २०२५-२६ चा एकूण अर्थसंकल्प ७४,४२७.४१ कोटींचा होता. त्यात भांडवली खर्च सुमारे ४३ हजार कोटी, म्हणजे ५८ टक्के. महसुली उत्पन्नही सुमारे ४३ हजार कोटीच होते. त्यातून सुमारे ३१ हजार कोटींचा महसुली खर्च भागवून उरलेला पैसा भांडवली कामांकडे जातो. बाकीची गरज राखीव निधींतून व अंतर्गत उचलीतून (पालिकेच्याच इतर निधींतून तात्पुरत्या घेतलेल्या रकमेतून) भागते. २०२२ च्या सुमारास पालिकेच्या मुदत ठेवी ९० हजार कोटींच्या वर होत्या, त्यांना त्यानंतर ओहोटी लागली. नव्या प्रत्येक पुलाला आणि रुग्णालयाला पुढे दिवे, कर्मचारी व दुरुस्ती लागते. भांडवली निर्णय काही वर्षांनी महसुली बाजूला येऊन बसतो.

सभागृह नसतानाचा काळ : ७ मार्च २०२२ रोजी नगरसेवकांची मुदत संपली व प्रशासक आला. १९८४-८५ नंतर असा प्रसंग प्रथमच आला. २०२३, २०२४ व २०२५ चे अर्थसंकल्प प्रशासनाने मांडले आणि प्रशासकानेच मंजूर केले. १८७२ ची विभागणी या तीन वर्षांत एका टेबलावर आली. समितीतील भाषणे लांबत, हे खरे. पण आपल्या प्रभागातले प्रसूतिगृह यादीत का नाही, हे आयुक्तांना तोंडावर विचारण्याची जागा तीच होती.

लहान शहरे : अंबरनाथ, बदलापूर यांसारख्या नगरपरिषदांना १९६५ चा वेगळा अधिनियम लागू आहे. तेथे अंदाजपत्रक मुख्याधिकारी तयार करतात. लोकसंख्येनुसार अ, ब, क असे वर्ग आहेत (अ वर्ग १ लाखाच्या वर). शासनाचे सहायक अनुदान व वित्त आयोगाचा पैसा यांवर भिस्त मोठी असते. महिला व बालकल्याण, दुर्बल घटक, दिव्यांग यांच्यासाठी प्रत्येकी ५ टक्के राखून ठेवावे लागतात.

बेस्ट : ७ ऑगस्ट १९४७ रोजी पालिकेने ताब्यात घेतलेल्या या बससेवा व वीजपुरवठ्याच्या उपक्रमाचा अर्थसंकल्प महाव्यवस्थापक १० ऑक्टोबरपर्यंत बेस्ट समितीला सादर करतात. तुटीमुळे तो सभागृहातून परत पाठवला गेल्याची उदाहरणे आहेत. २०२५-२६ मध्ये पालिकेने उपक्रमासाठी १,००० कोटी रुपयांचे अनुदान धरले होते.