घातांक शून्य, उत्तर एक: हे आलं कुठून?

सातवीतल्या भाचीने वही पुढे केली. उदाहरण होतं: सरळ रूप द्या, (क्ष^५ × क्ष^३) ÷ क्ष^८. तिने पायऱ्या बरोबर केल्या होत्या. ५ आणि ३ ची बेरीज ८, त्यातून ८ वजा, उरला क्ष^०. पुढे मात्र खाडाखोड होती. आधी ० लिहिलेलं, ते खोडून १. "बाईंनी १ सांगितलं म्हणून लिहिलं. पण मामा, तूच सांग, क्ष शून्य वेळा घेतला तर काहीच उरायला नको ना?"

प्रश्न अगदी रास्त आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी तो शाळेत मनातच ठेवला आणि १ पाठ केला. मला वाटतं, घातांकांच्या धड्यातली खरी गंमत याच प्रश्नात दडलेली आहे, म्हणून जरा सावकाश जाऊ.

आधी एक खुलासा. पुस्तकात घातांक पायाच्या उजव्या खांद्यावर बारीक अंकात छापतात. इथे स्क्रीनवर नीट दिसावा म्हणून ^ ही खूण वापरतो. २^५ म्हणजे दोनचा पाचवा घात: २ × २ × २ × २ × २, म्हणजे ३२. यात २ हा पाया आणि ५ हा घातांक. घातांक म्हणजे निव्वळ मोजदाद आहे, पाया किती वेळा लिहून गुणला त्याची.

एवढं लक्षात असेल तर नियम पाठ करावे लागत नाहीत. क्ष^५ × क्ष^३ लिहून काढा. पाच क्ष, त्यांच्या पुढे तीन क्ष, सगळ्यांमध्ये गुणाकाराचं चिन्ह. एका ओळीत आठ क्ष उभे राहिले, म्हणून क्ष^८. गुणाकारात घातांकांची बेरीज होते ती यामुळे. भागाकारात छेदातला एक क्ष अंशातल्या एका क्षला घेऊन जातो, म्हणून वजाबाकी. आणि (क्ष^३)^४ म्हणजे तीन-तीन क्षच्या चार ओळी. एकूण बारा क्ष, म्हणून घाताचा घात घेताना घातांकांचा गुणाकार.

बेरीज कधी आणि गुणाकार कधी, इथे मुलं हमखास अडखळतात. क्ष^२ × क्ष^३ म्हणजे क्ष^५, पण (क्ष^२)^३ म्हणजे क्ष^६. दोन्हीकडे अंक तेच, २ आणि ३. हा फरक आपल्या जुन्या गणितज्ञांनी चक्क शब्दांत बांधून ठेवला होता.

भास्कराचार्यांचं बीजगणित इसवी सन ११५० च्या सुमाराचं. त्यात अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हणतात, म्हणजे 'जेवढं असेल तेवढं', आणि थोडक्यात नुसतं 'या' लिहितात. दुसरी अज्ञात राशी आली की तिला रंगाचं नाव: कालक, नीलक, पीतक. त्यांचं 'का', 'नी', 'पी'. वर्गासाठी 'व' आणि घनासाठी 'घ' जोडायचा. आपण क्ष^२ लिहितो तिथे ते 'याव' लिहीत, क्ष^३ च्या जागी 'याघ'. चौथ्या घाताला वर्गवर्ग. सहाव्याला घनवर्ग, कारण घनाचा वर्ग केला की २ आणि ३ चा गुणाकार होतो. मग पाचव्याचं काय करायचं? २ आणि ३ चा गुणाकार करून ५ मिळत नाहीत. तिथे नाव दिलं वर्गघनघात: वर्ग आणि घन यांचा घात. सातव्याला वर्गवर्गघनघात. म्हणजे शेवटी 'घात' शब्द नसेल तर घाताचा घात घ्यायचा, अंकांचा गुणाकार करायचा; 'घात' असेल तर बेरीज. भाचीच्या वहीतले दोन नियम, बाराव्या शतकातल्या दोन नावांत.

कारण घात म्हणजे मुळात गुणाकारच. संस्कृत गणितग्रंथांत गुणाकाराला हनन आणि वध असेही शब्द आहेत, त्याच कुळातला हा घात. मराठीत 'घात झाला' म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो, पण गणितातल्या घाताने तो जुना अर्थ अजून सांभाळून ठेवलाय.

भास्कराचार्यांच्याही पाच शतकं आधी, ६२८ साली, ब्रह्मगुप्ताने याहून सोपी वाट काढली होती. तो पाचव्या घाताला 'पंचगत' म्हणे आणि सहाव्याला 'षड्गत'. सरळ मोजून नाव. आपली आजची 'पाचवा घात' ही बोली त्याच्या जास्त जवळची आहे. हे सगळं वाचल्यापासून चाळीसगावजवळच्या पाटणादेवी परिसराकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याचा शिलालेख तिथलाच, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. यादव राजा सिंघणाच्या काळात त्या डोंगरांच्या कुशीत विद्यार्थी 'याव' आणि 'याघ' लिहीत बसले असतील.

आता शून्याकडे येऊ. मोजदाद म्हणून पाहिलं तर क्ष^० ला अर्थच नाही. शून्य वेळा लिहिलेला क्ष दाखवणार कसा? इथे गणितज्ञ एक धाडस करतात. आतापर्यंत अर्थ आधी होता आणि नियम त्यातून निघत होते. आता ते उलट करतात: नियम मोडू द्यायचा नाही, अर्थ त्याला जुळवून घ्यायचा. क्ष^८ ÷ क्ष^८ हा स्वतःलाच दिलेला भाग, त्याचं उत्तर १ याबद्दल वाद नाही. नियम म्हणतो, उत्तर क्ष^०. मग दोन्ही खरं राहायचं तर क्ष^० ला १ च व्हावं लागेल. शून्य ठरवलं असतं तर क्ष^० × क्ष^३ चं उत्तर शून्य आलं असतं आणि बेरजेचा नियम तिथल्या तिथे कोसळला असता.

भाचीला हे पटलं, पण पुरेसं नाही. मग मी २ चे घात उतरत्या क्रमाने लिहिले: १६, ८, ४, २. दर पायरीला घातांक एकाने कमी, किंमत निम्मी. २^१ नंतरची पायरी? निम्मे केले, १ आला. खाली जात राहा: २^(-१) म्हणजे १/२, २^(-२) म्हणजे १/४, २^(-३) म्हणजे १/८. ऋण घातांक उत्तराला ऋण करत नाही, पायऱ्या उतरवून छेदात नेतो. २^(-३) ला उणे ८ समजणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक, आणि ती या जिन्याने कायमची सुटते.

तिच्या 'काहीच उरायला नको' या शंकेचं उत्तरही इथेच आहे. बेरजेत 'काहीच केलं नाही' याची खूण ०, कारण शून्य मिळवून काही बदलत नाही. गुणाकारात तीच खूण १. घात हा गुणाकाराच्या घरचा, म्हणून तिथे काहीच नसलं की १ उरतो.

माणसांना हे पचायला वेळ लागला. फ्रान्समधल्या निकोला शुके याने १४८४ च्या हस्तलिखितात शून्य आणि ऋण घातांक वापरले, पण ते हस्तलिखित चारशे वर्षं छापलंच गेलं नाही. खांद्यावर बारीक अंक लिहायची आजची पद्धत देकार्तच्या १६३७ मधल्या भूमितीच्या ग्रंथातून रुळली, तीही फक्त धन पूर्णांकांसाठी. ऋण आणि अपूर्णांकी घातांक आपण लिहितो तसे न्यूटनच्या १६७६ च्या पत्रात दिसतात.

अपूर्णांकी घातांक भाचीला पुढच्या वर्षी, आठवीत येतील. तिथेही युक्ती तीच. ९^(१/२) ला काय म्हणायचं? त्याला त्यानेच गुणलं तर घातांक १/२ + १/२ = १, म्हणजे ९ मिळायला हवेत. म्हणून तो ३, नऊचं वर्गमूळ. ८^(१/३) म्हणजे आठचं घनमूळ, २. आणि ४^(३/२) म्हणजे चारचं वर्गमूळ काढून त्याचा घन: ८.

हा ३/२ घातांक पुस्तकातल्या उदाहरणापुरता नाही, तो आकाशात आहे. केप्लरने १६१९ मध्ये प्रसिद्ध केलेला नियम असा: ग्रहाचं सूर्यापासूनचं सरासरी अंतर पृथ्वीच्या अंतराच्या किती पट ते घ्या, त्याचा ३/२ घात करा, तेवढी वर्षं ग्रहाला सूर्याभोवती एका फेरीला लागतात. शनी साधारण ९.५४ पट लांब आहे. ९.५४ चं वर्गमूळ सुमारे ३.०९, त्याचा घन सुमारे २९.५. साडेएकोणतीस वर्षांत बारा राशी, म्हणजे एका राशीत जवळपास अडीच वर्षं, आणि तीन राशींची साडेसात. साडेसातीच्या फळावर कोणाचा विश्वास असो वा नसो, तिच्या नावातला आकडा एका अपूर्णांकी घातांकातून येतो.

गुरू ५.२ पट लांब. त्याचा ३/२ घात ११.८६. नाशिकचा सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, कारण गुरू सिंह राशीत परतायला जवळजवळ तेवढा वेळ घेतो. पण नेमकी बारा नाहीत, सव्वा टक्क्याहूनही कमी, तरी फरक आहेच. तो साठत जातो आणि कधीतरी कुंभमेळा अकराच वर्षांनी भरतो. हरिद्वारला २०१० नंतर तो २०२१ मध्ये भरला. ५.२ वर ३/२ हा घातांक बसवून पाहिला तेव्हा मला हे अकरा वर्षांचं कोडं पहिल्यांदा उलगडलं.

मोठ्या संख्यांना तर घातांकाशिवाय हात लावणं कठीण. सूर्य सुमारे १.५ × १०^११ मीटर लांब, प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ × १०^८ मीटर. भागाकार करा: ०.५ × १०^३, म्हणजे ५०० सेकंद. सकाळचं ऊन गॅलरीत पोचायला सूर्यापासून आठ मिनिटं वीस सेकंद लागतात, आणि हा हिशेब कागदाविना होतो.

वहीत परत येऊ. जरा लांबलचक राशी घेतली:

(२ × अ^३ × ब)^२ × (३ × अ^(-४) × ब^५) ÷ (६ × अ × ब^३)

पहिल्या कंसाचा वर्ग कंसातल्या प्रत्येकाला लागतो, २ लासुद्धा: ४ × अ^६ × ब^२. हा २ विसरला जातो, म्हणून मी त्याखाली रेघ मारतो. आता सहगुणक वेगळे: ४ × ३ ÷ ६ = २. अ चे घातांक: ६ - ४ - १ = १. ब चे: २ + ५ - ३ = ४. उत्तर २ × अ × ब^४. तीन ओळींचं धूड एवढंसं झालं.

हे सगळं चालतं ते गुणाकारात. मध्ये अधिक चिन्ह आलं की घातांकांचे नियम गप्प बसतात. क्ष^२ + क्ष^३ चं क्ष^५ होत नाही. शंका आली की क्षच्या जागी २ ठेवून पाहावं: ४ + ८ = १२, आणि २^५ तर ३२. तसंच (३ + ४)^२ म्हणजे ४९, पण ९ + १६ म्हणजे २५. सात बाय सातच्या चौरसात ३ चा आणि ४ चा चौरस कोपऱ्यात बसवला की १२-१२ चे दोन आयत रिकामे राहतात. हरवलेले २४ ते हेच. आणि -३^२ आणि (-३)^२ यांत कंस फुकटचा नाही. पहिल्यात वर्ग फक्त तीनचा होतो, उत्तर -९. दुसऱ्यात चिन्हासकट, उत्तर ९.

वही मिटता मिटता भाचीने विचारलं, "आणि क्ष स्वतःच शून्य असला तर?" मी तिलाच करून बघायला सांगितलं. तिने ०^८ ÷ ०^८ लिहिलं आणि थांबली. वर शून्य, खाली शून्य. ज्या भागाकाराच्या जोरावर आपण १ मिळवला, तोच इथे करता येत नाही. तिने पुस्तक उघडून तो नियम पुन्हा काढला. त्याच्या शेजारी, आजवर तिने वाचलाच नव्हता असा, एक छोटा मजकूर होता. तो तिने वहीतल्या १ च्या पुढे कंसात उतरवून घेतला: क्ष ≠ ०.