पांढऱ्या पेशी: एकूण आकड्याच्या खालच्या ओळी

ताप उतरत नाही म्हणून सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची संपूर्ण मोजणी, केली की बहुतेकांची नजर आधी पांढऱ्या पेशींच्या एकूण संख्येवर जाते. प्रौढ व्यक्तीत ती एका मायक्रोलिटर रक्तात साधारणपणे ४,००० ते ११,००० असते. मात्र त्याखाली दिलेली पाच प्रकारांची टक्केवारी, म्हणजेच डिफरन्शियल काउंट, अनेकदा अधिक बोलकी ठरते, कारण या पाचही पेशींची कामे वेगवेगळी आहेत.

रक्ताचा थेंब काचपट्टीवर पातळ पसरून, लेशमन स्टेनने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर तांबड्या पेशींच्या गर्दीत दोन ते पाच खंडांचे जांभळे केंद्रक असलेली न्यूट्रोफिल पेशी सर्वाधिक वेळा दिसते. जिवाणूंचा संसर्ग झाला की ती रक्तवाहिनीच्या भिंतीतून वाट काढत तेथे पोहोचते, जंतू गिळते आणि त्यांना मारून स्वतःही मरते. जखमेत साचणाऱ्या पुवात अशाच मृत पेशी मोठ्या प्रमाणात असतात. स्टिरॉइड घेणाऱ्या रुग्णात भिंतीला चिकटून राहिलेल्या न्यूट्रोफिल सुटून प्रवाहात येतात व संसर्ग नसतानाही आकडा वाढतो, हे अहवाल वाचताना ध्यानात ठेवायलाच हवे.

पेशींचे हे भक्षण रशियन जीवशास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ यांनी १८८२ मध्ये इटलीतील मेसिना येथे ताडले. तारामाशाच्या पारदर्शक अळीत त्यांनी गुलाबाचे काटे टोचले, आणि दुसऱ्या दिवशी काट्यांभोवती फिरत्या पेशींचा वेढा पडलेला दिसला. या संशोधनाला १९०८ चे नोबेल पारितोषिक मिळाले, तेही प्रतिपिंडांच्या, म्हणजे जंतूंना चिकटणाऱ्या रक्तातील प्रथिनांच्या (अँटिबॉडी), बाजूने मांडणी करणाऱ्या जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांच्यासह. हा निवाडा मला फार योग्य वाटतो, कारण शरीराला भक्षण आणि प्रतिपिंडे दोन्ही लागतात. रक्तातून ऊतींत शिरून महाभक्षक पेशी बनणारी मोनोसाइट हे पहिले काम करते, तर प्रतिपिंडे बी लिम्फोसाइटपासून तयार होणाऱ्या पेशी बनवतात. टी लिम्फोसाइट विषाणूबाधित पेशी नष्ट करतात आणि इतर पेशींना चालना देतात. लसीचा परिणाम टिकतो तो लिम्फोसाइटच्या स्मृतीमुळे.

नारिंगी कणांची इओसिनोफिल जंत, दमा वा ॲलर्जीत वाढते. ॲलर्जीची लक्षणे निर्माण करणारे हिस्टामिन हे रसायन सोडणारी बेसोफिल जेमतेम एक टक्का असते.

डेंग्यूत मात्र सारे लक्ष प्लेटलेटवर, म्हणजे रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या कणांवर, खिळते. प्रत्यक्षात पांढऱ्या पेशी अनेकदा प्लेटलेटच्या आधीच घसरू लागतात, म्हणून पावसाळ्यातल्या तापात त्यांचा रोजचा आकडाही डॉक्टरांना दाखवावा.