संयुक्त राष्ट्रांच्या निःशस्त्रीकरण कार्यालयात इंटर्नशिप: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

संरक्षण व सामरिकशास्त्र किंवा आंतरराष्ट्रीय संबंध घेऊन एम.ए. करत असाल, तर शिकत असतानाच या अर्जाच्या तयारीला लागा. अण्वस्त्र प्रसारबंदी करार वर्गात वाचणे वेगळे आणि अशा करारांच्या एकेका शब्दावर देश कसे अडून बसतात हे जवळून पाहणे वेगळे. संयुक्त राष्ट्रांच्या निःशस्त्रीकरण कार्यालयाचे (यूएनओडीए) मुख्यालय न्यूयॉर्कला आहे. जिनिव्हा आणि व्हिएन्ना इथे शाखा, तर काठमांडू, लोमे (टोगो) आणि लिमा (पेरू) इथे प्रादेशिक केंद्रे आहेत.

पात्रता

पदव्युत्तर किंवा त्यापुढचे शिक्षण सुरू असावे, किंवा पदवीचे शेवटचे वर्ष असावे. शिक्षण संपले असेल तर त्यानंतर एका वर्षाच्या आत इंटर्नशिप सुरू व्हायला हवी. इथेच अनेकांची गफलत होते: वर्षाच्या आत नुसता अर्ज पाठवून भागत नाही, प्रत्यक्ष रुजू व्हावे लागते. निवडीला वेळ लागतो, म्हणून शेवटच्या सत्राची वाट पाहू नका. वय किमान 18, आणि इंग्रजी किंवा फ्रेंच चांगली यायला हवी. आईवडील किंवा सख्खे भावंड संयुक्त राष्ट्र सचिवालयात नोकरीला असेल तर अर्ज करता येत नाही.

कालावधी दोन ते सहा महिन्यांचा. महासभेची पहिली समिती, म्हणजे निःशस्त्रीकरण आणि आंतरराष्ट्रीय सुरक्षेची समिती, न्यूयॉर्कला ऑक्टोबरमध्ये बसते. शक्य असेल तर हाच काळ साधा.

अर्ज

संयुक्त राष्ट्रांच्या करिअर संकेतस्थळावर 'इन्स्पिरा' (त्यांची ऑनलाइन अर्जप्रणाली) खाते उघडून तिथल्या जाहिरातीवरच अर्ज करायचा. शिक्षण, अनुभव आणि संदर्भ देणाऱ्या व्यक्तींची माहिती त्यात भरावी लागते. अर्धवट अर्ज विचारात घेत नाहीत.

खरी कसोटी कव्हर नोटची, म्हणजे अर्जासोबत स्वतःबद्दल लिहायच्या छोट्या पत्राची. 'मला जागतिक शांततेची आवड आहे' हे वाक्य शेकडो अर्जांत असणार. त्याऐवजी 'दक्षिण आशियातील लहान शस्त्रांच्या तस्करीवर मी प्रबंध लिहीत आहे, त्यासाठी सरकारी अहवालांतील आकडेवारी तपासली' असे लिहा, अर्थात तसे केले असेल तरच. पदवीचे नाव, ती कधी पूर्ण होणार आणि संगणकावर काय काय येते, हेही नोंदवा. लिहायला ठोस काही नसेल तर आधी याच कार्यालयाचे मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम करा.

कागदपत्रे

पासपोर्ट, कॉलेजचे बोनाफाईड, गुणपत्रिका आणि पदवी झाली असल्यास प्रमाणपत्र आधीच स्कॅन करून ठेवा. निवड झाल्यावर परदेशात चालणाऱ्या आरोग्य विम्याचा पुरावा द्यावा लागतो. बोनाफाईडवर अभ्यासक्रम संपण्याची तारीख आवर्जून लिहून घ्या. पात्रता तिच्यावरच ठरते.

खर्च

ही इंटर्नशिप बिनपगारी आहे. प्रवास, व्हिसा, राहणे, विमा, सगळे आपल्याच खिशातून. मला हा नियम अन्यायाचा वाटतो; हुशार पण ऐपत नसलेली मुले इथेच गळतात. म्हणून काठमांडूच्या केंद्राच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. नेपाळला जायला भारतीयांना व्हिसा लागत नाही आणि न्यूयॉर्क-जिनिव्हाच्या मानाने तिथे राहणे कितीतरी स्वस्त पडते.

अर्ज, मुलाखत, प्रशिक्षण यांपैकी कशासाठीही संयुक्त राष्ट्रे पैसे घेत नाहीत. कुणी 'प्रोसेसिंग फी' मागितली तर एक रुपयाही देऊ नका.